तलावाच्या जमाखर्चात मासा कुठे?

पावसाळा ओसरू लागला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत धरणांचा तक्ता रोज छापून येतो. माजलगाव, उपयुक्त साठा 312 दशलक्ष घनमीटर, पैकी आज इतका. मांजरा, उपयुक्त साठा 176.96 दशलक्ष घनमीटर, आज इतके टक्के. बीड जिल्ह्यात हे आकडे चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतात. उसाची लागण करायची की नाही, रब्बीला पाळी मिळणार की नाही, अंबाजोगाई-केज-लातूरच्या नळाला किती दिवसांआड पाणी येणार, हे सगळं त्यांवरच ठरतं. या पाण्याचे वाटेकरी तीन: पिण्याचं पाणी, शेती आणि कारखाने. आधी कोण, मग कोण, यावर आंदोलनं होतात, कोर्टकचेऱ्या होतात.

त्याच पाण्यात वर्षभर आणखी एक पीक वाढत असतं. त्याला ना नांगरट लागते, ना खत, ना औषध-फवारणी. ते निघतं, तोललं जातं, विकलं जातं, कितीतरी घरांत शिजतं. पण तक्त्यात त्याचा रकाना नाही. गोड्या पाण्यातल्या माशाची किंमत आपण मोजतच नाही. बरं, न मोजल्यामुळे नुसतं कागदावरचं नुकसान होत असतं तर गोष्ट वेगळी होती. पाणी कधी सोडायचं, गाळ कुठून काढायचा, तलाव कोणाला द्यायचा हे सगळे निर्णय जणू आत मासा नाहीच असं धरून घेतले जातात, आणि मग खरंच मासा उरत नाही.

बीडचं पाणी कसं बसलंय ते आधी पाहू. बालाघाटाची रांग जिल्ह्याचे दोन उतार करते. उत्तरेचं पाणी सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका गोळा करतात आणि गोदावरीला देतात. दक्षिणेचं मांजरेला मिळतं. पश्चिमेला आष्टीच्या कडेने सीना वाहते, ती मात्र भीमेकडे जाते. पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही लहरी. नैसर्गिक सरोवर म्हणावं असं जवळपास काही नाही. इथली पाणथळ जागा माणसाने केलेली आहे. सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर केज तालुक्यात धनेगाव, बीड शहराजवळ पालीचा बिंदुसरा तलाव, परळीजवळ नागापूरला वाण, आणि त्याखाली गावोगावचे लघु तलाव, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे. यातले बरेच पाझर तलाव 1972च्या दुष्काळातल्या कामांचे आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांचे. ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या भरावावर माती टाकली, अशी माणसं आजही प्रत्येक गावात आहेत. हाताला काम मिळावं आणि खालच्या विहिरींना पाझर लागावा, एवढाच त्या तलावांचा हेतू. अंदाजपत्रकात भराव होता, सांडवा होता, मजुरी होती, मासा नव्हता. तो नंतर पुराबरोबर आला, नाहीतर भोयांनी आणून सोडला.

कायद्याची एक गंमतही इथेच सांगून टाकतो. 1971च्या रामसर कराराच्या व्याख्येत पाणथळ जागा नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, दोन्ही येतात. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहावरून देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला, त्यातही जलाशय आणि तलाव मोजले. पण 2017च्या केंद्रीय पाणथळ जागा नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळले. सिंचन, मत्स्यपालन, मीठ आणि करमणूक यांसाठी बांधलेल्या रचनाही वगळल्या. म्हणजे नकाशावर बीड जिल्हा निळ्या ठिपक्यांनी भरलेला, आणि संरक्षणाच्या यादीत जवळजवळ कोरा. राज्याची पहिली रामसर जागा ठरलेलं नांदूर मधमेश्वर गोदावरीवरच आहे, पण नाशिक जिल्ह्यात. तेही मुळात एका बंधाऱ्याने झालेलं पाणी आहे, हे विशेष.

आता माशाच्या किमतीकडे येऊ. सगळ्यात महत्त्वाची बाब अशी की मासा पाणी खर्च करत नाही. उसाला दिलेलं पाणी गेलं ते गेलं. माशाने वापरलेलं पाणी तसंच्या तसं धरणात राहतं आणि उद्या कालव्याला सोडता येतं. त्याच पाण्यातून मिळणारं हे दुसरं उत्पन्न आहे. म्हणून ‘पाणी शेतीला की माशाला’ हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला असतो. माशाला लागतं ते पाण्याचं प्रमाण नव्हे, पाण्याचं टिकणं. मे महिन्यात तळाशी काही फूट पाणी उरलं तर मासा जगतो. शेवटचा डोह मोटारी लावून उपसला तर वर्षाची नव्हे, पुढच्या दोन-तीन वर्षांची कमाई जाते.

आणि या कमाईत लहान तलाव मोठ्या धरणाला मागे टाकतो. 1995मध्ये व्ही. व्ही. सुगुणन यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी भारतातल्या जलाशयांच्या मासेमारीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच हजार हेक्टरांवरच्या मोठ्या जलाशयांतून हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो, मध्यम जलाशयांतून 12 किलो, आणि हजार हेक्टरांच्या आतल्या लहान जलाशयांतून जवळपास 50 किलो मासा निघत होता. कारण साधं आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, शेतातून वाहून आलेलं खत आणि जनावरांचं शेण त्यात मिसळतं, हिरवं शेवाळ आणि सूक्ष्म जीव भरभरून वाढतात, आणि त्यावर मासा पोसतो. खोल धरणाच्या थंड, काळोख्या तळाशी तेवढं अन्न तयार होत नाही. बीड हा लहान तलावांचा जिल्हा आहे. मासा मोजायचा झाला तर माजलगाव धरणापेक्षा गावाच्या वरचा तो विसरलेला पाझर तलाव जास्त बोलका आहे.

पण 50 किलो हा आकडाही फार नाही, आणि तो का अडून बसतो हे समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या बाजारात जो मासा सर्वांत जास्त दिसतो, ते कटला, रोहू, मृगळ हे त्रिकूट. तिघांची पंगत वेगळी बसते: कटला वरच्या थरात तोंड वर करून सूक्ष्म प्राणी टिपतो, रोहू मधल्या पाण्यात चरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. एकाच तलावात तिघे एकमेकांच्या ताटात हात न घालता वाढतात. अडचण एवढीच की तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं, गढूळ, चढतं पाणी लागतं. नदीवर धरणं आणि बंधारे झाल्यावर ती वाट बंद झाली. म्हणून तलावात दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडावं लागतं. हे शक्य झालं ते 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवली. 10 जुलै हा दिवस म्हणूनच देशभर मत्स्य शेतकरी दिन असतो. त्याआधी बंगाल-बिहारच्या नद्यांतून पुराच्या पाण्यात जाळी लावून बीज गोळा करत, आणि त्यात कटल्याबरोबर काय काय येईल याचा नेम नसे.

बीजाच्या तीन अवस्था असतात. अंड्यातून निघालेलं, जिऱ्याएवढं ते मत्स्यजिरे; इंचभर झालं की मत्स्यबीज; आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. सरकारी कागदावर ‘अमुक लाख बीज सोडले’ असा आकडा वाचला की छाती भरून येते. खरा प्रश्न विचारायचा तो असा की केवढं सोडलं? ज्या तलावात मरळ, शिंगाडा, वाम असे शिकारी मासे बसले आहेत, तिथे जिरे सोडणं म्हणजे त्यांना न्याहारी देणं.

तमिळनाडूतल्या अळियार जलाशयात हा धडा आकड्यांनी सिद्ध झाला. साडेसहाशे हेक्टरांचा हा जलाशय; बीज भरमसाट सोडूनही हेक्टरी सुमारे 27 किलो मासाच देत होता. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी तिथे चार-पाच साध्या गोष्टी बदलल्या. बीज वाढवलं नाही, उलट कमी केलं, हेक्टरी अडीचशे-तीनशे नगांपर्यंत. पण प्रत्येक बोटुकली चार इंचांच्या आसपास वाढलेली असावी, असा दंडक घातला. एकाच दिवशी सगळं न ओतता टप्प्याटप्प्याने सोडलं. जाळ्याची आस, म्हणजे विणीतलं छिद्र, किती मोठं हवं ते ठरवलं. आणि एक किलोच्या आतला कटला-रोहू पकडायचा नाही, असा नियम पाळायला लावला. उत्पादन 194 किलोंवर गेलं. माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक मच्छीमार संस्थेच्या दारावर ही गोष्ट लिहून ठेवायला हवी, कारण तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, लागतो तो फक्त धीर.

गावपातळीवर याचा हिशेब मांडून पाहा. दहा हेक्टर पाण्याचा एक तलाव धरू आणि काठावर माशाला किलोमागे शंभर रुपये. हेक्टरी 50 किलो निघाला तर पाचशे किलो, पन्नास हजार रुपये. अळियारच्या मापाने निघाला तर 1,940 किलो, म्हणजे एक लाख 94 हजार. बोटुकल्या लागतील तीन हजार. मोठ्या, म्हणून नगाला पाच रुपये धरले तरी पंधरा हजार खर्च. यात एक मेख आहे. बीडचा पाझर तलाव बारमाही नसतो. तो बांधलाच पाणी जिरवण्यासाठी, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चला तळ दिसू लागतो. सहा-सात महिन्यांत एक किलोचा कटला होणं कठीण. म्हणून अळियारच्या निम्माच आकडा धरला, तरी लाखाच्या घरात उत्पन्न जातं. ज्या गावाची निम्मी वस्ती दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाते, तिथे गावातच राहून मिळणाऱ्या चार-पाच घरांच्या या कमाईला काय म्हणायचं ते वाचकानेच ठरवावं.

या कमाईची वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. सोयाबीन, कापूस हातात येतो दसरा-दिवाळीला. मासा मुख्यतः येतो पाणी उतरल्यावर, माघ-फाल्गुनापासून पुढे, म्हणजे नेमका शेतात काम नसतं तेव्हा. पाणी जसं आटतं तसा मासा दाटतो, आणि पकडणं सोपं होतं. दुष्काळात तर एकाच आठवड्यात सगळ्या तलावांचा मासा बाजारात लोटतो. भाव पडतो, पोतीच्या पोती कवडीमोल जातात, आणि पुढच्या वर्षी त्याच बाजारात काही नसतं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं होतं. माणसांसाठी रेल्वे आली. धरणातल्या माशांसाठी येणार नव्हती, हे उघडच आहे; पण त्या धरणावर पोट असलेल्या कुटुंबांचं पुढचं वर्ष कसं गेलं, याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. त्याच सालच्या परतीच्या पावसाने धरण भरलं. पाणी एका आठवड्यात आलं, मासा यायला दीड-दोन वर्षं लागतात. महापुराचंही तसंच. 2025च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला तेव्हा पिकं वाहून गेल्याचे पंचनामे झाले. सांडव्यावरून पाणी पडतं तेव्हा वाढवलेला मासाही खाली वाहून जातो, त्याचा पंचनामा सहसा होत नाही.

म्हणूनच धरणाच्या आकड्यांत ज्याला मृतसाठा म्हणतात, तो माशाच्या हिशेबात सगळ्यात मोलाचा. मांजऱ्याचा मृतसाठा 47 दशलक्ष घनमीटर आहे, माजलगावचा 142. कालव्याच्या दाराखालचं हे पाणी. पुढच्या पावसाळ्यात तलावाला पुन्हा मासा देणारी पैदास त्यातच तगून राहते. पाझर तलावाला मृतसाठा नसतो. तिथे तळाच्या मधोमध एखादा खोल डोह ठेवला तर तेच काम होतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलाव उकरले जातात तेव्हा हा डोह फुकटात मिळू शकतो. अट एवढीच की पोकलेनने कडेकडेचा गाळ सपाट ओरबाडू नये. काठाचं गवत, पाणकणीस, उथळ चिखल ही देशी माशांची बाळंतिणीची खोली आहे. मध्ये खोल आणि कडेला उथळ, एवढी एक ओळ कामाच्या आदेशात घातली तरी पुरे.

देशी मासा म्हणजे मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे आणि ती नाना प्रकारची बोटभर खवल्याची चिल्लर मासळी. यांना बाहेरून बीज लागत नाही. पावसाळ्यात काठाच्या गवतात त्यांची आपोआप पैदास होते. मरळ तर वेगळंच प्रकरण. ती हवेतला प्राणवायू घेऊ शकते, म्हणून आटलेल्या तळ्याच्या चिखलातही तग धरते. नर-मादी पिल्लांची राखण करतात; तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि खाली आई-बाप. बाजारात ती जिवंत विकली जाते, आणि कटला-रोहूपेक्षा बराच जास्त भाव घेते. गंमत अशी की मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी कित्येक वर्षं हिलाच ‘अनिष्ट मासा’ ठरवलं. ती कार्पचं बीज खाते, म्हणून मोहाची पेंड टाकून तलाव आधी साफ करा, असा सल्ला होता. स्वस्त मासा वाढवण्यासाठी महाग मासा मारायचा, असा तो व्यवहार. बारमाही, बंदिस्त तळ्यात त्याला काही अर्थ असेलही. सात महिन्यांच्या पाझर तलावात मला तो तोट्याचाच वाटतो.

याची उलट बाजू विदर्भात पाहायला मिळते. भंडारा-गोंदियातल्या जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाचं पोट. तिथे मनीष राजनकर आणि ढिवर समाजातलेच पतिराम तुमसरे यांनी मच्छीमार संस्थांना हाताशी धरून तलावांतली बेशरम उपटली, तळाची नांगरट केली, आणि ज्या पाणवनस्पतींच्या आधाराने देशी मासे वाढतात त्या शोधून पुन्हा लावल्या. देशी मासे परतले, त्यांच्याबरोबर पक्षीही. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा बसतो, हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेतून आलं नव्हतं. ते ढिवरांकडे होतंच, कोणी विचारलं नव्हतं. बीडमधले भोई, कहार, कोळी यांच्याकडेही ते असणार. आपल्या तलावांचं वय पन्नास वर्षं आणि त्यांच्या तलावांचं दोन-अडीचशे, हा फरक आहेच. पण नदीच्या डोहांचं ज्ञान तलावांहून जुनं असतं.

आता पैसा कोणाच्या हातात जातो ते पाहू. तलाव ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला जातो. पुष्कळ ठिकाणी संस्था कागदावर भोयांची आणि भांडवल व्यापाऱ्याचं. जाळं त्याचं, बर्फ त्याचा, अडचणीच्या वेळची उचलही त्याचीच. त्यामुळे भाव तोच सांगणार. ऊसतोडीच्या जिल्ह्याला हे गणित नव्याने समजावून सांगायला नको.

काठावरचा सौदा एकदा जवळून बघावा. उजाडायच्या आत चप्पू, म्हणजे थर्माकोलचे तुकडे पोत्यात बांधून केलेला तराफा, काठाला लागतो. जाळ्यातून मासा सोडवताना कल्ल्याला दोरा अडकतो, तो कापायचा नाही, उलटा ओढून सोडवायचा. जाळं महाग आहे. मग ढीग वेगळे होतात. किलोवरचा कटला एका बाजूला, त्याच्या आतला दुसऱ्या, चिलापी तिसऱ्या, आणि उरलेली बारीक मासळी टोपलीत. पहिला ढीग टेम्पोत बर्फावर चढतो आणि शहराच्या वाटेला लागतो. दुसरा तालुक्याला. टोपली मात्र घरची बाई उचलते आणि आठवडी बाजारात गोणपाट अंथरून बसते. तिच्या शेजारी कोकणातून चारशे किलोमीटर प्रवास करून आलेलं सुकट आणि बोंबील विकायला असतं. व्यापाऱ्याच्या वहीत पहिले दोन ढीग येतात. टोपली कुठेच येत नाही, आणि घरातले दोन वेळचे पैसे त्या टोपलीतूनच निघतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही टोपली फार महत्त्वाची. बाजारात विकलं गेलं तेवढंच मूल्य, असं धरलं तर घरी शिजलेला मासा शून्य रुपयांचा ठरतो. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी म्हणजे प्रथिनं, चुना आणि अ जीवनसत्त्व. ज्वारीच्या भाकरीबरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा पोरांच्या पोटात गेला, तर तेवढं पोषण विकत घ्यायला किती पैसे पडले असते, ते त्याचं मूल्य. याखेरीज डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे आहेत, माशांवर जगणारे खंड्या, बगळे, पाणकावळे आहेत. 1997मध्ये रॉबर्ट कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी निसर्गाच्या अशा सेवांची जगभरातली किंमत वर्षाला 33 ट्रिलियन डॉलर काढली तेव्हा त्या आकड्यावर बरीच टीका झाली, आणि ती अगदीच गैर नव्हती. सगळ्याला रुपये चिकटवता येत नाहीत. पण पाझर तलावाच्या बाबतीत आपण अजून पहिल्या पायरीवरही नाही. किती किलो निघाला, हेच कोणी लिहीत नाही. शिवाय गावची वही लिहिणारे पुष्कळदा माळकरी घरांतले. मासा त्यांच्या ताटात नाही, म्हणून वहीतही नाही. यात वाईट हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो.

एवढं वाचून कोणी तलावामागे पैशांसाठीच लागेल, तर त्यालाही धोक्याची पाटी आहे, आणि ती आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. गोदावरी आणि कृष्णा यांच्या त्रिभुज प्रदेशांमध्ये आंध्रातलं कोल्लेरू सरोवर आहे. 2002पासून रामसर जागा. मत्स्यशेतीत पैसा दिसला आणि लोकांनी सरोवराच्या आतच बांध घालून तळी काढली, इतकी की सरोवराला सरोवर राहता येईना. 2006मध्ये सरकारला ती तळी फोडावी लागली. त्या भागातल्या तळ्यांतला बर्फातला कार्प आज महाराष्ट्राच्या बाजारातही येतो आणि आपल्या काठावरच्या माशाचा भाव पाडतो. जवळच उजनीची गोष्ट वेगळी. तिथे चिलापीने बाजार भरला आहे, भिगवणचा मासळी बाजार त्यावर चालतो, पण जुने देशी मासे मागे पडले. आफ्रिकन मांगूर तर बंदी असूनही चोरून पाळला जातो. तो एकदा नदीत सुटला की बाकीच्यांचं काही खरं नाही. किलो वाढले म्हणजे तलाव सुधारला, असं नव्हे.

बीडमध्ये आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा होतो. सुपीक जमीन, फुकटची ओल. पेरणाऱ्याला दोष देता येत नाही. पण तिथे फवारलेलं औषध पहिल्या पावसाबरोबर सरळ पाण्यात उतरतं, आणि देशी मासा अंडी घालायला नेमका त्याच उथळ काठावर येतो. गाळपेऱ्याला परवानगी देताना चाऱ्याची पिकं आणि विनाफवारणी, ही अट घालणं अवघड नाही.

सरकारी योजनांची वाण नाही. 2020ची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे, किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं, 2025च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, आणि शेजारच्या उदगीरला मत्स्यविज्ञानाचं महाविद्यालयही आहे. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत मासे सोडणारे शेतकरीही वाढताहेत. ते चांगलंच, फक्त तो मासा शेतकऱ्याचा. गावच्या तलावातला मासा ज्यांच्याकडे शेतच नाही त्यांचा. दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात करू नये.

येत्या ग्रामसभेत तलावाचा विषय निघेल तेव्हा तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. गेल्या वर्षी तलावातून किती किलो मासा निघाला? सोडलेलं बीज केवढ्या आकाराचं होतं? आणि मे अखेरीस डोहात किती फूट पाणी ठेवायचं ठरलं आहे? पहिल्या वर्षी यांतल्या एकाचंही उत्तर मिळणार नाही. तरी प्रश्न विचारा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणालातरी वजनकाटा घेऊन काठावर उभं राहावं लागेल.